जो क्लबात पाऊल टाकील

क्लबाच्या दारावर पाटी होती ‘मनोरंजन केंद्र’. खाली बारीक अक्षरांत ‘कॅरम, बुद्धिबळ, रमी’. आत बुद्धिबळाचा पट कुणी बघितला असेल तर त्याने मला येऊन सांगावं. काळी काच, आत ए.सी., लुकलुकणारी मशीनं आणि दाराबाहेर दुपारपासून चपलांचा ढीग. त्या चपलांवरून आम्हा बायकांना कळायचं, आज आत कोण कोण बसलंय. कुणाची चप्पल कुठली हे ओळखायला शिक्षण लागत नाही, शेजार पुरतो.

आधी त्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायचे. हंगामात पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा वास आमच्या ओटीपर्यंत यायचा. मालक मुंबईला गेला, त्याने शेड भाड्याने दिली आणि हात झटकले. भाड्याने घेणारा शेठ आम्ही कधी डोळ्यांनी पाहिला नाही. दिसायचा तो मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध आणि तोंडात सतत ‘ताई, ताई’. मला त्या ‘ताई’ची शिसारी बसली होती.

आम्ही राहतो रत्नागिरी शहरातच. घरपट्टी भरतो, घंटागाडीची वाट बघतो. पण आमची वाडी अजून वाडीच आहे. देऊळ आहे, देवीची पालखी आहे, मानकरी आहेत, आणि शिमगा आला की शहर-बिहर विसरून आम्ही पुन्हा गाव होतो. वर्षातून एकदा, शिमग्यात, पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी येते. देवी आपण होऊन आपल्या दारात येते म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावता येणार नाही. त्यासाठी मुंबईची माणसं रजा टाकतात, भांडलेले भाऊ तेवढ्यापुरते एका ओटीवर उभे राहतात.

माझा नवरा जहाजावर होता, इंजिनात. मी त्याला तोंडावर ‘अहो’ म्हणते, पण इथे ‘तो’ लिहिणार आहे. एवढा हक्क मी कमावलाय. लग्न झाल्यापासून तो समुद्रात आणि मी शिलाई मशीनवर. मुलीचं बारसं, सासऱ्यांचं तेरावं, घराची कौलं काढून पत्रे घालणं, सगळं एकटीने निस्तरलं. लोक म्हणायचे, ‘बोटीवरचा नवरा, नशीबवान गो तू!’ नशीब कसलं डोंबलाचं? ज्याला हवं त्याने घ्यावं ते नशीब. मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, की एक दिवस हा माणूस बॅग खाली ठेवेल आणि परत उचलणार नाही. दोघांनी एका घरात म्हातारं व्हायचं, बस. यापेक्षा मोठं मागणं माझं कधी नव्हतंच.

खांदा दुखावला आणि तो कायमचा घरी आला. आणि वर्षही झालं नसेल, तो त्या शेडमध्ये जायला लागला.

पहिल्यांदा म्हणाला, ‘जरा वारा खाऊन येतो.’ आमच्या परसात माडांखाली वारा काय कमी होता? मग ते वारा खाणं रोजचं झालं. दुपारचं जेवण झालं की शर्ट चढवायचा आणि निघायचा. दिवेलागणीला परतायचा तेव्हा डोळे तांबडे आणि तोंड बंद. चहा ठेवू का, कुठे होतात, कशालाच उत्तर नाही. पैसे जात होते, जाणारच. पण मला त्याचा राग नंतर यायचा. आधी राग यायचा तो याचा, की समुद्राने एवढी वर्षं ठेवून घेतलेला माणूस एकदाचा परत दिला, आणि माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या एका पत्र्याच्या शेडने तो उचलून नेला. समुद्राशी भांडता येत नाही. शेडशी भांडता येईल असं मला वाटलं.

वाडीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज मी शिवते. माप देताना हात वर करून उभी राहिलेली बाई मनातलं भडाभडा बोलते. एकीचा मुलगा जातो, एकीचा दीर जातो. एकीचा नवरा गणपतीपुळ्याचं भाडं मिळालं म्हणून सांगतो आणि रिक्षा क्लबाच्या मागे लावून आत बसतो. माझी शेजारीण, जिचे सासरे देवीचे मोठे मानकरी, ती एकदा माप देता देता म्हणाली, ‘वहिनी, नुसतं बोलून काय होतंय? उठूया आता.’ आणि आम्ही उठलो.

आधी कचेऱ्या झाल्या. एका कचेरीत म्हणाले, परवाना आमच्याकडे नाही, तिकडे जा. तिकडे म्हणाले, परवाना आहे ना, आणि खेळ कौशल्याचे आहेत. मी विचारलं, ‘मशीनचं बटण दाबायला कसलं कौशल्य लागतं हो साहेब?’ साहेब हसले. म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. मग एक दिवस तपासणी झाली. तपासणीची खबर आत कुठून पोचली देव जाणे, पण त्या दिवशी मशीनांवर चादरी होत्या, दोघे कॅरम खेळत होते आणि एक म्हातारा पेपर वाचत होता. त्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही हे अख्ख्या वाडीला माहीत आहे.

मग आम्ही क्लबासमोर चटया टाकून बसलो. ऊन मी म्हणत होतं. घोषणा देऊन देऊन घसे बसले. पुरुषमंडळी लांब वडाखाली उभी राहून तमाशा बघत होती. दुपारी मॅनेजर स्वतः ट्रे घेऊन बाहेर आला. थंडगार कोकम सरबत. ‘ताई, भांडण आपल्या जागी, पण तहान तर लागणारच.’ आणि आमच्यातल्या चार-पाचजणींनी घेतलं की! मी ओरडले, ‘अगो, ज्याच्या नावाने बोंब मारताय त्याच्याच हातचं पिताय? लाज नाही वाटत?’ तर एक म्हणते, ‘कोकम कोकणातलंच आहे गो, त्याच्या बापाचं थोडंच आहे?’ मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. त्या दिवशी मला कळलं की चटईवर बसून ही शेड हलणार नाही.

माघात देवळात गावबैठक असते. शिमग्याची कामं ठरतात, पालखी कुठल्या दिवशी कुठल्या घरी ते ठरतं. बायका त्या बैठकीत बोलत नाहीत, कडेला बसतात. मी उठून उभी राहिले. म्हटलं, कचेऱ्या करून झाल्या, आता देवीच्या कानावर घाला. आणि नुसतं कानावर नको. जो क्लबात पाऊल टाकील त्याच्या दारात पालखी थांबणार नाही, असं बोला.

मोठे मानकरी, शेजारणीचे सासरे, मला म्हणाले, ‘सूनबाई, देवीपुढे बोललेलं मागे घेता येत नाय. सगळ्यांना लागू होईल.’

‘व्हायलाच पाहिजे,’ मी म्हटलं. ‘लागू होण्यासाठीच बोलतेय.’

मग गाऱ्हाणं झालं. मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला आणि देवीला सांगितलं, की बाई, वाडीत जी पीडा शिरलीय ती बारा वाटांनी बाहेर काढ. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! आणि आजपासून वाडीतला जो कोण त्या क्लबात पाऊल टाकील, त्याच्या दारात तुझी पालखी थांबणार नाय. व्हय म्हाराजा! मी मागे वळून बघितलं. माझा नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याचेही ओठ हलले.

सरकारने जे केलं नाही ते देवीच्या भीतीने केलं. दारातला चपलांचा ढीग ओसरला. बाहेरची चार टाळकी यायची तेवढीच. मॅनेजर दारात उभा राहून रस्त्याकडे बघायचा, आणि मी मुद्दाम त्याच्यासमोरून हळूहळू चालत दुकानात जायचे. हो, जायचे. मला त्यात मजा वाटत होती.

आणि तो घरी राहिला. आधी दोन-चार दिवस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फेऱ्या मारत होता. मग एक दिवस माझी मशीन उघडून बसला. म्हणाला, ‘ही एवढा आवाज करते आणि तू ऐकून घेतेस?’ साफ केली, तेल घातलं, पट्टा बदलला. मशीन अशी चालायला लागली की मला माझाच पाय हलका झाल्यासारखं वाटलं. मग पंपाच्या मागे लागला, मग शेजारच्यांच्या मिक्सरच्या. संध्याकाळी ओटीवर बसून जहाजावरच्या गोष्टी सांगायचा, ज्या त्याने मला आधी कधी सांगितल्या नव्हत्या. त्या दिवसांत मी सुखी होते. ते लिहायला मला आज जड जातंय, पण होते.

शिमगा जवळ आला. जहाजावर असताना शिमग्याला तो कधी घरी नसायचाच. दरवर्षी पालखी आली की ओटी मी भरायचे, नारळ सासरे द्यायचे, आणि ते गेल्यावर भाड्याने आणल्यासारखा कुणाचा तरी पुतण्या द्यायचा. या वर्षी घरचा माणूस घरात होता. त्याने स्वतः जाऊन पांढरा लेंगा-शर्ट आणि टोपी आणली. टोपी घालून आरशासमोर उभा राहिला, मला हाक मारली आणि म्हणाला, ‘बरी दिसते का गो?’ साठीला आलेला माणूस! मी म्हटलं, नवरदेव दिसताय.

पालखी आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी दुपारी वाडीतली लाईट गेली. मॅनेजर आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभा राहिला. क्लबाचा जनरेटर सुरू होत नव्हता. ‘काका, तुम्ही इंजिनातले. नुसतं बघा, दोन मिनिटांचं काम.’ मी तेव्हा देवळात होते, पालखीच्या वाटेवर रांगोळ्या चालल्या होत्या. घरी असते तर त्या मॅनेजरला झाडूने हाकललं असतं. हा गेला. का गेला? कारण मशीन बंद पडलंय असं ऐकलं की त्याला बसवत नाही. जनरेटर शेडच्या मागे, पण मागे जायची वाट आतून. याने चप्पल दारात काढली आणि आत गेला.

चप्पल दारात. अख्खी वाडी रस्त्यावर रांगोळ्या काढतेय आणि याची चप्पल क्लबाच्या दारात!

तो घरी आला तेव्हा कोपरापर्यंत हात डिझेलने काळे होते. खेळून कुणाचे हात असे होत नाहीत. मी साबण दिला. पण संध्याकाळी मोठे मानकरी आले. ओटीवर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

‘सूनबाई, उद्या पालखी तुमच्याकडे थांबायची नाय.’

‘का? हे खेळायला नव्हते गेले काका. जनरेटर बघायला गेले होते.’

‘खरं असेल. पण आपण खेळण्याचं बोललो नाय, पाऊल टाकण्याचं बोललो. आणि तूच बोललीस.’

‘मग परत गाऱ्हाणं घाला. सांगा देवीला, माणूस मशीन दुरुस्त करायला गेला होता. तिला कळत नाही होय?’

‘देवीला दिलेला शब्द फिरवायचा? उद्या वाडीत कुणाला काय झालं तर कोण जबाबदार?’

माझा ताबा सुटला. म्हटलं, ‘तुमचा पुतण्या बाजारातल्या क्लबात पडीक असतो, त्याच्या दारात पालखी नाचली ना काल?’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘तो क्लब वाडीच्या हद्दीत नाय.’ आणि निघून गेले. नवरा आतल्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

मला वाटत होतं की ऐन वेळी थांबतील. माणसंच आहेत, लाज वाटेल. म्हणून सकाळी अंगण सारवलं, ओटीचं ताट केलं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्याने तो पांढरा जोड घातला, टोपी घातली आणि पायरीवर येऊन उभा राहिला. ढोल वाजत वरच्या घरून निघाले. गडग्याजवळ आले. भोयांनी मान फिरवली, ढोलवाल्यांनी हात जोरात चालवले आणि देवीची पालखी आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. शेजारच्या घरात शिरली. माझी शेजारीण, माझ्याबरोबर चटईवर बसलेली, माझ्याकडे न बघता ओटी भरत होती. मी ताट घेऊन वेड्यासारखी उभी. नवऱ्याने टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि आत गेला.

मी त्याला सांगितलं की हे सगळं माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, ‘असू दे.’ त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

चार-पाच दिवसांत वाडीत बातमी आली. क्लबाच्या शेठने तक्रार केली होती. म्हणे, देवाच्या नावाने वाडीने क्लबावर बहिष्कार टाकला, गिऱ्हाईक तोडलं, सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखाली गुन्हा दाखल करा. मानकऱ्यांना पोलिसांचं बोलावणं आलं. जे लोक मला सांगत होते की देवीचा शब्द फिरवता येत नाही, त्यांची पाचावर धारण बसली. पोलीस, कोर्ट, म्हातारपणी हेलपाटे! दोन तासांत समेट झाला. बहिष्कार वगैरे काही नव्हताच, असं मानकऱ्यांनी कबूल केलं. आणि गैरसमज मिटला याची खूण म्हणून, पालखी देवळात परत जायच्या आधी क्लबाच्या दारात नेऊन नाचवायची ठरली.

नेली. मी बघायला गेले, खोटं कशाला बोलू. क्लबाला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं. मॅनेजर सोवळं नेसून उभा होता. शेठची बायको कुठून तरी गाडीतून आली होती, तिने ओटी भरली. मानकऱ्यांनी त्या शेडच्या दारात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, की बाई, यांच्या धंद्याला बरकत दे. व्हय म्हाराजा! माझ्याबरोबर घोषणा दिलेल्या बायका रांगेत उभ्या राहून दर्शन घेत होत्या. मी शेजारणीकडे बघितलं तर म्हणाली, ‘वहिनी, मी देवीच्या पाया पडतेय, क्लबाच्या नाही.’

मी मोठ्या मानकऱ्यांना तिथेच गाठलं. म्हटलं, ‘काका, शब्द फिरला ना? मग आता जाता जाता आमच्या दारात या. पाच मिनिटं. हे घरात बसलेत.’

ते म्हणाले, ‘आता देवळात जायची वेळ झाली.’

‘क्लबासाठी वेळ काढलात.’

‘त्यांनी तक्रार केली होती सूनबाई. तुम्ही कुठे केलीत?’

‘मग मीपण करते.’

‘देवीवर केस करणार?’ असं म्हणून ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू वाडी बुडवणारी मीच. केस केली असती तर कायदा माझ्या बाजूने होता, हे मला नंतर एकाने सांगितलं. पण पोलिसांच्या धाकाने दारात आलेली देवी माझ्या कुठल्या कामाची? मला ती आपण होऊन यायला हवी होती, त्या टोपी घातलेल्या माणसासाठी. पालखी मागच्या रस्त्याने देवळाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवला, हात धुतले, खुंटीवरचा शर्ट काढला.

‘कुठे निघालात?’

‘क्लबात.’

आजपर्यंत त्याने हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नव्हता. नेहमी वारा, नाही तर कोपऱ्यावर, नाही तर आलोच. मी म्हटलं, ‘तोंडावर सांगताय?’

‘आता लपवायचं काय त्यात?’ बटणं लावता लावता तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, मला टोचायचं असंही नव्हतं, नुसतं साधं बोलला. ‘देवी तिथे येऊन गेली. आपल्याकडे नाय आली.’

साहेबांना, मॅनेजरला, मानकऱ्यांना, सगळ्यांना मी उत्तर दिलं होतं. माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती वाडीत. मी दारात उभी होते. तो थांबला, मी सरकायची वाट बघत. मी सरकले.